मिठीचा खटला

मंडळी, टाळ खाली ठेवा. तासभर देवाचं नाव घेतलं, घसा सुकला, पुण्य किती लागलं ते त्यालाच ठाऊक! आता शेजारचा डुलक्या घेत असेल तर त्याला कोपरानं ढोसा — हो, ते खांबाला टेकलेले काका, त्यांना आधी! कारण मी एक प्रश्न विचारणार आहे, आणि झोपेत दिलेलं उत्तर मी धरत नाही.

ऐका! एक जण हुकूम काढतो. दुसरा तो हुकूम पाळतो. आणि तिसऱ्याचा गळा आवळला जातो. सांगा — पाप कुणाचं?

काय म्हणालात? 'हुकूम काढणाऱ्याचं!' वा! काय फटकन आलं उत्तर! मघाशी आरतीला एवढा आवाज नव्हता तुमचा! आणि का येऊ नये? आपल्यात हुकूम काढणारा कुणीच नाही ना! आपण सगळे बिचारे पाळणारे! काढणारा तिकडं लांब, उंच खुर्चीत. पाप त्याच्या डोक्यावर, आणि आपण हात धुऊन पानावर बसायला मोकळे!

भिकाजी, पेटी धरा.

हुकूम कुणाचा, हात कुणाचा,
आवळला तो गळा कुणाचा?

चाल माझी, शब्द माझे, मात्रा चुकली असली तर तीही माझीच. पण प्रश्न धरून ठेवा हं. आख्यान ऐका आणि मग पुन्हा उत्तर द्या — बघू एवढ्याच जोरात येतंय का!

आज पुराणातलं आख्यान नाही. आज आपल्याला समुद्रापार जायचंय — दक्षिण आफ्रिका! आणि आधीच सांगतो, आजचा आपला नायक कुठल्या पुस्तकात शोधू नका, सापडायचा नाही. माणूस मी रचलाय. पण त्याच्याभोवतीचे कायदे मी रचलेले नाहीत! तसे कायदे रचायला जी अक्कल लागते ती माझ्याकडं नाही, देवाची कृपा!

नाव त्यांचं पुले. फुले नव्हे, पुले! आणि गणपतीपुळ्याचेही नव्हेत! पुले मोतौंग. तिकडं वडीलधाऱ्या माणसाला म्हणतात 'न्ताते'. म्हणून बघा — न्ताते! नाही ना वळत जीभ? अहो, आपला तात्याच तो! मी तर तात्याच म्हणणार. पुले तात्या!

तात्यांचं गाव रोइक्लिप. सोन्याच्या खाणीचं गाव. जमिनीखाली सोनं. खाली उतरून काढणार कोण? काळा. वर बसून घालणार कोण? गोरा! गावात पोस्ट एक, पण खिडक्या दोन — गोऱ्यांची वेगळी, काळ्यांची वेगळी. आत कारकून तोच! शिक्का तोच! तिकिटाला लावायची थुंकीसुद्धा त्याच कारकुनाची — पण खिडक्या दोन! बागेतलं बाकडं वेगळं, दवाखान्याचं दार वेगळं, मसणवट वेगळी! आणि एखाद्याचा रंग मधलाच निघाला, ना धड काळा ना धड गोरा, तर? तर सरकारी साहेब त्याच्या केसांत पेन्सिल खोचायचे! पेन्सिल गळून पडली तर तू या जातीचा, अडकून राहिली तर त्या जातीचा! सख्खे दोन भाऊ, पेन्सिलीनं दोन जातींत! कोट-टाय घातलेली, शिकली-सवरलेली माणसं हो ही — दिवसभर लोकांच्या डोक्यात पेन्सिली खोचत बसायची आणि रविवारी प्रार्थनेला जायची!

हसताय? हसा. हसण्यासारखंच आहे. ज्याच्या डोक्यात पेन्सिल होती तो मात्र हसत नव्हता.

तात्या होते मास्तर. वीस वर्षं गणित शिकवलं. उंच, हडकुळे, बोलणं हळू. बायको मामेलो — त्यांच्या भाषेत या नावाचा अर्थच सोशिक! नाव ठेवणाऱ्यानं काय बघून ठेवलं कोण जाणे, पण बाईला आयुष्यभर पुरलं. आणि एकुलती एक लेक, पालेसा. पालेसा म्हणजे फूल. चणीनं लहान, पण जिभेला धार अशी की बापानंसुद्धा जपून बोलावं!

एक दिवस शाळेत नवा सरकारी तपासनीस आला. फळ्यावर तात्यांचा अपूर्णांक मांडलेला. त्यानं बघितलं आणि विचारलं, "हे कशाला?"

तात्या म्हणाले, "साहेब, गणित आहे."

"ते कळलं मला. या पोरांना कशाला? पुढं जाऊन घमेलीच उचलायची आहेत ना? घमेलं उचलायला अपूर्णांक लागत नाही. नवा कायदा वाचला नाहीस का? जेवढं मजुराला लागेल तेवढंच शिकवायचं!"

तात्यांनी खडू ठेवला. हात झटकले. म्हणाले, "साहेब, मग तुम्हाला मास्तर नको, मुकादम पाहिजे. तो दुसरा बघा." आणि बाहेर पडले!

वीस वर्षांची नोकरी हो! आपल्याकडं एक बढती चुकू नये म्हणून लोक साहेबाच्या कुत्र्यालासुद्धा 'आपण' म्हणतात!

नोकरी गेली आणि माणूस मोकळा झाला. तिथं काळ्या माणसाला सोळाव्या वर्षापासून खिशात एक वही बाळगावी लागे. पास म्हणायचे तिला. कुठं राहतोस, कुणाकडं कामाला आहेस, या रस्त्यावर चालायची तुला मुभा आहे का — सगळं त्या वहीत. स्वतःच्या गावात, स्वतःच्या बापजाद्यांच्या मातीवर चालायला वही! घरी विसरलास — तुरुंग! धुताना भिजली — तुरुंग! तात्या घरोघर फिरले. म्हणाले, "एका सोमवारी आपण सगळ्यांनी वह्या घरी ठेवायच्या. पोलीस ठाण्यावर जायचं आणि सांगायचं, आम्हाला पकडा."

सोमवार उजाडला. मंडळी, तीन हजार माणूस! हातात काठी नाही, दगड नाही. खाणीतले मजूर, धुणंवाल्या बाया, म्हातारे. ठाण्यासमोर शांत उभे. पुढं तात्या. म्हणाले, "आमच्याकडं पास नाहीत. आत घ्या."

आत? कोठडीत जागा चाळीस जणांची! तीन हजार कुठं कोंबणार? साहेबांची धांदल उडाली! कुलपं किती मजबूत आहेत ते त्यांनी आजवर बघितलं होतं, कोठड्या किती लहान आहेत ते त्या दिवशी कळलं! सूर्य मावळेपर्यंत माणसं उभी राहिली आणि मग आपापल्या घरी गेली. ना गोळी, ना दगड. सरकार मात्र त्या दिवसापासून घाबरलं.

आता तुम्ही म्हणाल, टाकलं असेल तात्यांना तुरुंगात. नाही! सरकार त्याहून हुशार! तुरुंगात टाकायचं तर खटला चालवावा लागतो, खटल्यात माणूस बोलतो, बोललेलं लोक ऐकतात. मग काढला एक कागद!

चौथ्या दिवशी सकाळी फाटकाशी गाडी थांबली. उतरला सार्जंट स्टेगमन. गोरा, वय तिशीचं, मान लाल, बूट चकचकीत. तात्यांनी पन्नाशी ओलांडलेली. आणि हा तिशीतला काय हाक मारतो? "ए पोरा!"

ए पोरा! आईनं नाव ठेवलं, गावानं तात्या केलं, आणि हे दीडशहाणं म्हणतं, पोरा!

स्टेगमननं कागद वाचला. "पाच वर्षं तू या गावाची वेस ओलांडायची नाही. शाळेत पाऊल टाकायचं नाही. तू बोललेलं कुणी छापायचं नाही. दर सोमवारी ठाण्यावर हजेरी. आणि एका वेळी एकाहून जास्त माणसांबरोबर असायचं नाही. दोघं म्हणजे भेट. तिघं म्हणजे जमाव. जमाव दिसला की अटक."

मामेलो दारात उभी होती, पालेसा तिच्यामागं. तात्यांनी त्यांच्याकडं बघितलं. "सार्जंटसाहेब, आम्ही घरातच तिघं आहोत."

स्टेगमननं पुन्हा कागदात डोकं घातलं. "एका छपराखाली राहणारी घरची माणसं आपापसात बसली तर सूट आहे. पण बाहेरचा एक जरी आला, तरी सूट संपली. त्या वेळी खोलीत तू आणि तो, दोघंच."

म्हणजे काय झालं, बायाबापड्यांनो? पाहुणा आला की घरच्या बाईनं परसात जाऊन उभं राहायचं! चहा टाकायचा, दाराच्या फटीतून कप आत सरकवायचा! जगातलं एक बलाढ्य सरकार — तोफा, विमानं, सोन्याच्या खाणी — आणि भीती कशाची? चहाला तिसरा माणूस बसेल याची!

फाटकासमोर एक झाड होतं. स्टेगमन रोज गाडी त्याखाली लावायचा आणि बसायचा. काम काय? डोकी मोजायची! एक आत गेला, एक बाहेर आला. एक आत, एक बाहेर. पगारी सरकारी माणूस! एकदा उन्हानं त्याच्या गाडीचं इंजिन तापलं, वाफा निघायला लागल्या. मामेलोनं बघितलं, तांब्याभर पाणी नेऊन दिलं. त्यानं घेतलं. सगळं इंजिनात ओतलं. स्वतःचा घसा कोरडा पडलेला, ओठ फुटलेले — पण तोंडाला लावलं नाही! काळ्यांच्या घरचं पाणी! गाडीला चाललं, गोऱ्याला नाही! गाडीला अक्कल जास्त होती म्हणायची!

पहिले काही महिने तात्या खचले. खोटं कशाला सांगू? माणसांत वाढलेला माणूस तो. मजूर घराला वळसा घालून जायचे, उगाच तात्यांना त्रास नको म्हणून. दिवसच्या दिवस ते खुर्चीत बसून असायचे. एकदा मामेलोला म्हणाले, "वर्गात पोरं गोंगाट करायची तेव्हा मी छडी आपटायचो. आता तो गोंगाट ऐकायला मिळाला तर काय वाटेल ते देईन."

मामेलो भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "कागदात एकाला मुभा आहे ना? मग एकाला शिकवा की."

झालं! दुसऱ्या दिवशी एक मुलगी आली. अपूर्णांक शिकून गेली. तिच्यामागं एक मजूर, त्याला सही शिकायची होती. त्याच्यामागं आणखी एक. सकाळी सातला सुरू, दिवेलागणीला बंद. एक आत, एक बाहेर! प्रत्येकानं शिकलेलं दोघांना शिकवायचं, हीच फी! तीन हजारांसमोर भाषण करणारा पुढारी होता, सरकारनं त्याला माणसामाणसाशी बोलायला लावलं! भाषण विसरतात लोक. समोरासमोर सांगितलेलं कोण विसरतो? दोन वर्षांत गावातलं असं घर राहिलं नाही की ज्यातलं कुणी तात्यांच्या खुर्चीसमोर बसून गेलं नाही. आणि स्टेगमन? झाडाखाली! एक, एक, एक!

तिसऱ्या वर्षी पालेसाचं लग्न ठरलं. मुलगा चांगला, खाणीच्या दवाखान्यात मलमपट्टी करायचा, घर चार गल्ल्या पलीकडं. तात्यांनी न्यायाधीशाकडं अर्ज केला: लेकीच्या लग्नाला जाऊ द्या, तासभर. उत्तर आलं: लग्न हा जमाव आहे. नामंजूर!

आणि त्याच संध्याकाळी स्टेगमन आला. हातात दुसरा कागद. आवाज मऊ.

"हे बघ. यावर सही कर. बंदी उद्या उठते. लग्नात जा, नाच, काय वाटेल ते कर."

तात्यांनी वाचलं. लिहिलं होतं — मी लोकांची दिशाभूल केली. पासचा कायदा आमच्या भल्यासाठीच आहे. सर्वांनी पास बाळगावा असा माझा सल्ला आहे.

"विचार करतो," तात्या म्हणाले.

हो, मंडळी, विचार करतो म्हणाले! लगेच कागद फाडून तोंडावर फेकला असता तर तुम्ही टाळ्या पिटल्या असत्या, मला ठाऊक आहे. पण एकुलत्या लेकीचा बाप होता तो. कीर्तनातला दगडी देव नव्हता!

मामेलो म्हणाली, "करा सही. कागदच आहे. लोकांना कळेल तुम्ही का केलीत."

"सगळ्यांना नाही कळणार. जो माझं ऐकून नंतरही वही न घेता बाहेर पडला आणि अजून तुरुंगात आहे, त्याच्या बायकोला काय कळेल?"

"आणि माझ्या लेकीला काय कळेल?" मामेलोचा आवाज फुटला. सोशिक बाई, पण त्या दिवशी भांडं आपटलं तिनं! "सगळ्या गावाचे तात्या तुम्ही. तिचे बाप कधी?"

पालेसा रडली, दोन दिवस बापाशी बोलली नाही. तात्यांनी पेन हातात घेतलं, ठेवलं. घेतलं, ठेवलं. आणि तिसऱ्या दिवशी पालेसाच समोर येऊन उभी राहिली. डोळे सुजलेले, पण जीभ जागेवर आलेली!

"बाबा, सही करू नका. तुम्ही तो कागद खिशात घालून माझ्या लग्नात नाचलात तर मला तुमच्याकडं बघवणार नाही. मला एक सांगा — आपल्या फाटकाबाहेरचा रस्ता कुणाचा?"

"सरकारचा."

"त्या रस्त्यावरून एकट्या माणसानं चालायला अजून बंदी आलेली नाही ना?"

लग्न लागलं. तात्या घरी, फाटकाच्या आत, काळा कोट घालून, एकटे उभे. दुपार कलली आणि गल्लीच्या टोकाला वरात दिसली. पण गाणं नाही, ढोल नाही. वरात थांबली. आणि त्यातून एकटी नवरी चालत आली! पांढरा झगा, हातात फुलं, भर रस्त्यात एकटी! फाटकाशी थांबली. तात्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती पुढं गेली. मग आला नवरा, एकटा. "तात्या, सांभाळीन." पुढं गेला. मग नवऱ्याची म्हातारी आई, वाटेत मिठाई वाटत. मग एक मजूर. मग ती अपूर्णांकवाली मुलगी! तीनशे वऱ्हाडी, मंडळी! वीस-वीस पावलांचं अंतर ठेवून, एकेक, एकेक!

स्टेगमनला घाम फुटला! गाडीतल्या वायरलेसवर साहेबाला हाक घातली. साहेब दुपारच्या झोपेत.

"किती माणसं आहेत त्याच्याबरोबर?"

"एक, साहेब."

"मग?"

"तो गेला, साहेब. आता दुसरा एक आलाय."

"मग त्यात काय?"

"मागं रांग आहे, साहेब. तीनशे तरी असतील."

"तो त्या रांगेत आहे का?"

"नाही, साहेब. तो फाटकाच्या आत आहे. एकटा."

"मूर्खा, मग मला उठवलंस कशाला?"

अहो, काय करील बिचारा! हुकमात मिठाई वाटणाऱ्या म्हातारीबद्दल काही लिहिलेलं नव्हतं! ज्याला फक्त मोजायला शिकवलंय, त्याच्यासमोर एकेक करून अख्खं गाव जाऊ लागलं तर त्यानं काय करावं?

ऊन उतरलं. वऱ्हाडी गेले. मामेलो चर्चमधून परत येऊन तात्यांशेजारी उभी राहिली — ती घरची, तिला सूट. आणि सासरी जाण्याआधी पालेसा निरोप घ्यायला पुन्हा फाटकाशी आली. ती बापाच्या गळ्यात पडली. तेवढ्यावर थांबलं असतं तर भागलं असतं! पण आईचं काळीज हो! मामेलोनं हात पसरले आणि दोघांना कवेत घेतलं. बाप, आई, लेक.

स्टेगमन गाडीतून उतरला. हातात घड्याळ! आणि तात्यांच्या दंडाला धरून म्हणाला, "जमाव!"

खटला उभा राहिला. मिठीचा खटला! कोर्ट खच्चून भरलं. न्यायाधीशानं विचारलं, "सार्जंट, मिठीत किती माणसं होती?"

"तीन, साहेब."

"किती वेळ?"

"अकरा सेकंद, साहेब. मी घड्याळ लावलं होतं."

"पण ही तर त्याची बायको आणि मुलगी. घरच्यांना सूट आहे ना?"

"बायकोला आहे, साहेब. मुलीचं सकाळी लग्न झालं. आता ती एका छपराखाली राहत नाही. तिचा पत्ता बदलला."

पत्ता बदलला! बघितलंत? सकाळी अक्षता पडल्या — तिकडच्या पद्धतीनं म्हणा — आणि संध्याकाळी लेक परकी! आपण म्हणतो, लेक परक्याचं धन. पण ते इतकं मनावर घेणारं सरकार तुम्ही बघितलं होतं का कधी?

तात्यांना विचारलं, काही सांगायचंय? तात्या उठले. सगळ्या कोर्टावरून एकदा नजर फिरवली. म्हणाले, "साहेब, आधी सरकारचे आभार. या खोलीत शंभर माणसं आहेत. तीन वर्षांनी मी माणसांत उभा आहे. ही संधी सरकारनंच दिली."

कोर्ट हसलं! न्यायाधीशानं हातोडा आपटला.

"गुन्हा मला कबूल आहे. मला फक्त सार्जंटना विचारायचंय. त्या अकरा सेकंदांत तुम्ही काय करत होतात?"

स्टेगमन म्हणाला, "मोजत होतो."

"तुम्हाला मुलगी आहे?"

न्यायाधीश म्हणाला, "प्रश्नाचा खटल्याशी संबंध नाही!" स्टेगमनची मान आणखी लाल झाली. खाली बघत म्हणाला, "मी फक्त हुकूम पाळला."

शिक्षा झाली एक वर्ष. आणि तुरुंगात कुठं ठेवलं, सांगू? एका कोठडीत अठरा माणसं, त्यात तात्या एकोणिसावे! ज्याला तिघांत बसायची बंदी, त्याला सरकारनंच एकोणिसांत नेऊन बसवलं! वर्षभर वर्ग भरला! अठराच्या अठरा जण अपूर्णांक शिकून बाहेर पडले!

पण मंडळी, सगळंच हसण्यासारखं नव्हतं. तात्या सुटले, बंदी पुन्हा पाच वर्षांची. मग आणखी पाच. त्या काळात मामेलो गेली. छातीत कळ आली आणि दोन दिवसांत गेली. तात्यांनी अर्ज केला: बायकोच्या मातीला जाऊ द्या. उत्तर येईना. प्रेत उचललं. तात्या फाटकापर्यंत आले. बाहेर स्टेगमन उभा, कडीवर हात ठेवून. तात्या म्हणाले, "सार्जंटसाहेब, चाळीस वर्षांचा संसार आहे." स्टेगमन म्हणाला, "हुकूम नाही." कडीवरचा हात काढला नाही. वळणापर्यंत प्रेत दिसलं, मग दिसेनासं झालं. परवानगी आली — चौथ्या दिवशी! शिक्क्यासकट!

त्यानंतर तात्या बरेच दिवस कुणाला भेटले नाहीत. त्या एकालाही नाही.

वर्षं गेली. बंद्या संपल्या. ते राज्यही एक दिवस गेलं; अशी राज्यं जातातच, फक्त जाताना वेळ फार लावतात! आणि काळ्या माणसाला पहिल्यांदा मत मिळालं. मतदानाच्या दिवशी रोइक्लिपच्या शाळेसमोर रांग लागली, मैलभर लांब. तात्या ऐंशीच्या पुढं. काठी टेकत आले. पालेसाचा मोठा लेक म्हणाला, "आजोबा, पुढं चला. तुम्हाला कोण अडवणार?" लोकांनी वाट करून दिली.

तात्या म्हणाले, "नको. मला शेवटाला उभं करा."

आणि शेवटाला कोण उभं होतं? एक म्हातारा गोरा. पाठीत वाकलेला, मान अजून लाल. स्टेगमन! त्यानं तात्यांना ओळखलं. तोंड फिरवलं, मग पुन्हा वळवलं. म्हणाला, "मिस्टर मोतौंग —" बघा, पोरा नाही आता! "— माझं तुमच्याशी वैर नव्हतं. मी फक्त हुकूम पाळत होतो."

तात्यांनी काठी जमिनीवर रोवली. मग हळू म्हणाले, "ज्यानं हुकूम काढला त्यानं मला कधी बघितलंही नाही, सार्जंटसाहेब. माझी बायको त्याला ठाऊक नव्हती. तुम्हाला ठाऊक होती. तुम्ही तिच्या हातचा तांब्या घेतला होता. हुकमाचा कागद टेबलावर पडून राहिला असता तर मी तिला माती देऊन आलो असतो. फाटकाच्या कडीवर कागद नव्हता. हात होता, आणि तो तुमचा होता."

स्टेगमन रांगेतून निघायला वळला.

"उभे राहा," तात्या म्हणाले. "मत द्या. तुम्हाला इथं कुणी अडवणार नाही."

आणि रांग पुढं सरकली. मागून माणसं आली, गर्दी झाली. एका जाड्या बाईचा पाय तात्यांच्या पायावर पडला. ती ओशाळली, "चुकले हो, तात्या!" तात्या हसायला लागले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. म्हणाले, "तुडवा हो, खुशाल तुडवा!" सहा तास उभे राहिले त्या गर्दीत. बसायला खुर्ची आणली, घेतली नाही.

आख्यान संपलं. भिकाजी, पेटी थांबवा.

आता उत्तर द्या. पाप कुणाचं? का हो, आवाज बसला? मघाशी केवढा होता!

बरं, मीच बोलतो. त्या लोकांना माणसं तोडायला कायदा लागला. तुमच्याकडं उलटं आहे! आपल्या राज्यात कुणाला वाळीत टाकू नये असा कायदा आहे — आणि तरी तुम्ही टाकता! बिनकायद्याचे स्टेगमन तुम्ही! कायद्याला न जुमानता करता, म्हणजे तुमचं धाडस त्याच्याहून मोठं!

माना खाली का गेल्या? शिवराम पाष्टे कोण, ठाऊक नाही कुणाला? त्याच्या मुलानं आपल्या पसंतीची मुलगी केली, तिची जात तुम्हाला चालली नाही, म्हणून अडीच वर्षं त्या घराशी गाव बोलत नाही. दुकानात मीठ मिळत नाही. गेल्या साली त्याची आई गेली तर तिरडीला खांदेकरी शेजारच्या गावातून आणले! आणि एकेकाला विचारलं तर काय उत्तर? 'काय करणार बुवा, गावकीचा ठराव आहे!' कुणी केला? कुणालाच ठाऊक नाही! सगळे पाळणारे!

आता मला कसं कळलं, ते सांगतो. दुपारी एसटीनं मला फाट्यावर सोडलं. ऊन कडक. पहिलंच घर दिसलं, ओटीवर बसलो. घरच्या सुनेनं पोहे केले, चहा दिला. मी दोनदा पोहे मागून घेतले — फार छान होते! निघताना शिवराम मागं धावत आला. हात जोडून म्हणाला, "बुवा, इथं खाल्लंत ते वर देवळात सांगू नका. तुम्हाला कीर्तनाला उभं राहू देणार नाहीत."

तर सांगितलं! आता तुमचाच नियम लावू या. वाळीतल्या घरचं खाल्लं, तो वाळीत. बरोबर? म्हणजे मी वाळीत. वाळीतल्याला शिवला, तोही वाळीत. मला हार कुणी घातला? सरपंचांनी! गेले! गंध कुणी लावलं? पुजारीबुवांनी! गेले! आणि पाया पडायला कोण कोण आलं होतं? कोपऱ्यातल्या ताई, तुम्ही. खांबाचे काका, तुम्ही. गावकीचे मानकरी, तुम्ही तर दोनदा! मंडळी, अभिनंदन! तिन्हीसांजेपासून हे अख्खं गाव वाळीत आहे. शुद्ध राहिलं एकच घर, ते शिवरामचं. कारण त्याला इथं यायला बंदी होती!

प्रसादाच्या पंगतीत मी बसणार नाही. माझं पान शिवरामाच्या ओटीवर मांडलंय, आणि मी आता तिकडं निघालोय. ठराव करायचा असेल तर करा. पण या वेळी ठराव कुणी मांडला आणि हात कुणी वर केला, ते नावानिशी लिहा.

भिकाजी, येताय? या. पेटी राहू द्या इथं, तिला कुणी काही म्हणणार नाही.